हिरव्या मुठीचा चाकू

१

लातूरला येऊन मंजुश्रीला दीड वर्ष झालं होतं, आणि या दीड वर्षात तिची एकही सकाळ वेगळी गेली नव्हती. पाचला गजर. भिजवलेल्या बदामांची सालं काढायची, आदर्शला उठवायचं, मग दूध, पोळ्या, भाजी. त्याची बॅग ती स्वतःच्या हाताने भरायची. वह्या, बाटली, डबा आणि लहान डबीत कापलेलं सफरचंद. सव्वासहाला तो जिना उतरला की ती आंघोळ करून सिद्धेश्वराला जाऊन यायची. नवरा संगमेश उदगीरला, भांड्यांच्या दुकानावर. एकुलत्या पोराला डॉक्टर करायचं म्हणून तिने तिसऱ्या मजल्यावरच्या या दोन खोल्यांत संसार थाटला होता. त्या गल्लीतल्या निम्म्या बायका अशाच होत्या, पोराच्या क्लाससाठी घरदार मागे टाकून आलेल्या.

त्या दिवशी ती देवळातून परतत होती तेव्हा क्लासमधून फोन आला. "आदर्शच्या मम्मी का? जरा गेटवर या."

गेटवर लाकडी टेबल होतं. दिवाळीआधी शहरातल्या दुसऱ्या एका क्लासबाहेर दोन पोरांत गाडी लावण्यावरून भांडण झालं होतं, आणि एकाने चाकू काढला होता. दुसरा पोरगा महिनाभर दवाखान्यात होता. तेव्हापासून सगळीकडे बॅगा तपासणं सुरू झालं होतं. गेटवर मनाई आदेशाचा कागद चिकटवलेला होता. चाकू, सुरा, गुप्ती, कोयता, काहीही घेऊन फिरायला बंदी. टेबलाशी केरबा बसायचा. पूर्वी तो होमगार्ड होता. म्हातारा, पण नजर पक्की.

"ह्यो तुमचा का, ताई?" त्याने रुमाल उलगडला.

आत हिरव्या मुठीचा चाकू होता. संगमेशच्या दुकानातला, तिच्या ओट्यावरचा. पोळ्या गुंडाळायच्या निळ्या चौकड्यांच्या रुमालात बांधलेला.

"अय्यो, फळं कापून चुकून डब्याबरोबर गेला वाटतं," ती हसत म्हणाली.

केरबा हसला नाही. "चुकून गेला आसंल. पण आता दिवस वाईट हायेत. पातं किती लांब, किती रुंद, ते मोजायचं काम पोलिसाचं. आमच्या सरांनी सांगितलंय, पुन्हा घावलं तर थेट चौकीला फोन. पोरगं सतरा वर्षांचं हाय. बालमंडळापुढं हुबं करतील. वर्ष जाईल त्याचं."

तिने चाकू पिशवीत टाकला. घरी येताना तिला एक गोष्ट खटकली. रुमालाची घडी. तीन कोपरे आत आणि चौथा वरून खोचलेला. ती घडी तिची आई घालायची. आईनंतर तिच्याशिवाय ती कुणाला येत नव्हती.

चुकून गेलेल्या चाकूला एवढी नीट घडी कुणी कशाला घालेल?

२

समोरच्या दारात ज्योत्स्ना राहायची. मुखेडची. तिचा नवरा आनंदराज एसटीवर ड्रायव्हर होता. ज्योत्स्ना हॉस्टेलच्या पोरांचे डबे करायची आणि मुलीला शिकवायची. मुलगी लुंबिनी आदर्शच्याच बॅचला होती.

दर रविवारी टेस्ट, आणि संध्याकाळी ग्रुपवर यादी. मंजुश्री त्या यादीची वाट दुपारपासून बघायची. मोबाइल ओट्यावर उभा करून ठेवायची आणि कणीक मळता मळता चिकट बोटाने पुन्हा पुन्हा उघडायची. सलग सहा रविवार यादीत पहिलं नाव लुंबिनीचं होतं आणि दुसरं आदर्शचं.

दुसरा नंबर काही वाईट नव्हता. संगमेशला तर आनंदच व्हायचा. एकदा तो फोनवर म्हणाला, "अगं, तिचं काय घेऊन बसलीस? तिला सवलत हाय. कमी मार्कांतबी लागतंय तिला."

"सवलत कशाला लागती तिला?" मंजुश्री ताडकन म्हणाली. "सहाशे एकाहत्तर हायेत तिला. आपल्याला सहाशे अठ्ठेचाळीस."

ते वाक्य तोंडातून गेलं आणि दिवसभर तिला खुपत राहिलं. लुंबिनीला कमी मार्क असते तर तिला मनातल्या मनात काहीतरी म्हणून घेता आलं असतं. पोरीने तीही सोय ठेवली नव्हती.

मग मंजुश्री बघायला लागली. समोरचा दिवा किती वाजता लागतो. पोरीच्या डब्यात काय असतं. ती मोठ्याने वाचते की मनात. भिंतीला कान लावला की ज्योत्स्नाच्या स्वयंपाकघरातून भाजी चिरल्याचा आवाज यायचा. खट्, खट्, खट्, एका लयीत. त्या आवाजावर मधूनच पोरीचं पाठांतर. मंजुश्रीला वाटायचं, त्या बाईकडे काहीतरी आहे जे ती सांगत नाही.

एकदा तिने नोट्स मागितल्या. ज्योत्स्नाने लगेच आणून दिल्या. "घ्या की. आदर्श काय, लुंबिनी काय, आपलीच लेकरं." बाबासाहेबांच्या फोटोखाली चिकटवलेलं टाइमटेबलसुद्धा तिने मोबाइलवर फोटो काढून पाठवलं.

मंजुश्रीला रडू यायचं बाकी होतं. लपवलं असतं तर बरं झालं असतं.

त्या रात्री जेवताना ती आदर्शला म्हणाली, "ती पोरगी नसती तर तू पहिला असतास." हे ती रोजच म्हणायची. आदर्श मान खाली घालून भात कालवत राहिला.

३

चाकू सापडल्याला चार दिवस झाले होते. मंजुश्रीने तो पिठाच्या डब्यामागे, वरच्या फळीवर ठेवून दिला होता. सकाळी बॅग भरली, चेन ओढली आणि सहज हात लावला तर बाजूच्या कप्प्यात काहीतरी कडक लागलं.

निळ्या चौकड्यांचा रुमाल. तीन कोपरे आत, चौथा वरून.

तिने फळीवर बघितलं. तिथे धुळीत चाकूच्या आकाराची स्वच्छ जागा होती.

"आदर्श!"

तो दात घासत बाहेर आला. तिच्या हातातला रुमाल बघून त्याने ब्रश तोंडातून काढला, पण दचकला नाही. तेच तिला जास्त लागलं.

"कुणाशी भांडलास? कोण पोरं तरास द्यायलेत तुला? खरं सांग."

"कुणी नाही, मम्मी."

"मग हे कशाला नेतोस?"

"मी नाही नेत." त्याचा आवाज बारीक झाला. "मी काढून ठेवतो. रोज जिन्यात बॅग बघतो. असलं की पाण्याच्या मीटरच्या पेटीत ठेवतो आणि येताना परत ओट्यावर आणून ठेवतो. दिवाळी झाल्यापासून. त्या दिवशी उशीर झाला होता, बघायचं राहिलं. म्हणून सापडलं."

"दिवाळीपासून? आणि मला सांगितलं न्हाईस?"

"मला वाटलं तूच ठेवतीस."

"मी? मी कशाला ठेवीन?"

आदर्श फरशीकडे बघत म्हणाला, "बॅग तूच भरतीस. आणि तू रोज म्हणतीस ना, ती नसती तर."

तिने त्याच्या थोबाडीत मारली. दीड वर्षात पहिल्यांदा. मग त्याला जवळ ओढून घेतलं. त्याने आईच्या पाठीवरून हात फिरवला, जपून, अनोळखी जनावराला शिवावं तसा.

तो गेल्यावर ती ओट्याशी उभी राहून आठवत राहिली. पाच वाजता उठले. बदाम सोलले. पोळ्या केल्या. सफरचंद कापलं. विळी धुतली. मग? मग बॅग भरली. विळी धुतल्यापासून बॅगेची चेन ओढेपर्यंत आपण काय केलं, ते तिला आठवेना. रोजचंच काम, कोण लक्षात ठेवतं, असं तिने स्वतःला समजावलं. झोप कमी होते आहे. माणूस झोपेतसुद्धा पोळ्या लाटू शकतं.

४

रविवारी संगमेश आला. तिने त्याला चाकू दिला आणि सांगितलं, घेऊन जा, मला विळी पुरे. त्याने कारण विचारलं तेव्हा केरबाचं बोलणं तेवढं सांगितलं, बाकी गिळलं. "बरं केलंस," संगमेश म्हणाला. "उगं झंझट नको. उदगीरला तर पोलीस दुकानात येऊन सांगून गेलेत, मोठे सुरे कुणालाबी देऊ नका म्हणून." त्याने चाकू कागदात गुंडाळून गाडीच्या डिकीत टाकला. ती गॅलरीतून गाडी वळेपर्यंत बघत राहिली.

त्या संध्याकाळच्या यादीतही लुंबिनी पहिली होती.

सोमवार गेला, मंगळवार गेला. बॅगेत काही सापडलं नाही. आदर्श जिन्यात थांबून बघायचा आणि वर बघून मान हलवायचा. मंजुश्रीला हलकं वाटू लागलं. तिने सफरचंदं आणायचीच बंद केली. केळी द्यायला लागली, केळ्याला चाकू लागत नाही.

बुधवारी ती देवळातून आली तर ज्योत्स्ना दारातच उभी होती.

"आदर्शच्या मम्मी, तुमची डबी राहिली होती बघा सकाळी."

स्टीलची लहान डबी. झाकणावर मंजुश्रीचं नाव कोरलेलं. उदगीरच्या दुकानात स्वतः संगमेशने मशीनने कोरलेलं.

"सकाळी?"

"आता काय बोलू तुम्हाला," ज्योत्स्नाचे डोळे भरून आले होते. "सहा डबे करता करता मला पोरीकडं बघाया होत नाही. तुम्ही रोज पहाटंच येऊन तिला फळं कापून देता. कोण करतं ओ एवढं दुसऱ्याच्या लेकरासाठी? मी ह्यांना फोनवर सांगितलं. ते म्हणले, आसली माणसं मिळत नाहीत."

ही टोमणा मारते आहे, असं मंजुश्रीला आधी वाटलं. तिने ज्योत्स्नाच्या चेहऱ्यात टोमणा शोधला. तिथे नुसता ओलावा होता.

"कधीपासून येते मी?"

"सोमवारपासनं." ज्योत्स्ना हसली. "बोलत नाही काही, आलं की सरळ ओट्याशी. लुंबिनी म्हणती, काकू लई छान कापतात, पाकळ्या पाकळ्या."

मंजुश्रीने डबी उघडली. तळाशी सफरचंदाची एक फोड राहिली होती. पांढरीशुभ्र. कडेलाही तांबूस झालेली नव्हती.

दार लावून तिने संगमेशला फोन लावला. "तो हिरवा चाकू कुठाय?"

"कुठं म्हणजे? गल्ल्याशेजारी, खणात. का गं?"

"उघडून बघा."

खण ओढल्याचा आवाज आला. "हाय की. माझ्या समोर हाय. तुझं काय चाललंय, मंजू? बरं वाटतंय न्हवं?"

ती 'हो' म्हणाली आणि फोन ठेवला. मग ओट्याशी उभी राहून डोक्यात हिशेब मांडत राहिली. पहाटे मी इथे असते, आदर्श इथे असतो. सव्वासहानंतर आंघोळ, मग देऊळ. तिथला पुजारी मला रोज बघतो. मग ज्योत्स्नाकडे जातं कोण? तिला भास होतो म्हणावं तर डबी माझी आहे. डबी माझी म्हणावं तर घरात सफरचंदच नाही.

तिला आणखी एक गोष्ट जाणवली, आणि तिची तिलाच लाज वाटली. एवढ्या भीतीतही तिला वाटलं होतं, माझ्या पोराच्या वाटणीची फळं त्या पोरीला कोण देतंय?

५

गुरुवारी आदर्शला ताप होता. तिने गोळी देऊन त्याला निजवलं आणि क्लासला कळवलं. सहाला चपला घातल्या, दाराला बाहेरून कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि देवळात निघाल्यासारखी पायऱ्या वाजवत खाली गेली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबली. चपला हातात घेऊन अर्ध्या पायऱ्या परत चढली. तिथून समोरचं दार दिसत होतं. जिन्याच्या जाळीतून नुकतं फटफटत होतं. दुधाच्या पिशव्या दारादारात पडल्या होत्या.

थोड्या वेळाने ज्योत्स्नाच्या दाराची कडी निघाली. "या, या," ती म्हणाली आणि बाजूला सरली.

वर यायला हा एकच जिना होता, आणि त्यावर मंजुश्री उभी होती. कुणी वर गेलं नव्हतं. तरी उंबरा कुणीतरी ओलांडत होतं. तिला दिसली ती फक्त टाच. पोपटी साडीच्या काठाखालची उजवी टाच, तेल सांडून भाजल्याच्या डागाची. तो डाग तिला लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत पडला होता.

टाच आत गेली. आतून खट्, खट्, असा आवाज सुरू झाला.

मंजुश्रीने खाली वाकून स्वतःच्या पायाकडे बघितलं. डाग तिथेच होता.

ज्योत्स्ना दूध घ्यायला बाहेर आली. पिशवी उचलून सरळ होताना तिला जिन्यात उभी मंजुश्री दिसली. ती हसायला गेली आणि हसू तिथेच थांबलं. तिने मागे वळून स्वतःच्या घरात बघितलं. पुन्हा जिन्याकडे बघितलं.

"ताई... तुम्ही तर आत..."

"लुंबिनी कुठंय?"

"आत. वेणी घालून द्या म्हणली... तुम्हाला."

आतला आवाज थांबला.

ज्योत्स्ना दुधाची पिशवी छातीशी धरून थिजली होती. धावायचं होतं ते मंजुश्रीने. मध्ये सहा पायऱ्या होत्या. आणि ती धावली नाही. किती वेळ, ते तिला सांगता आलं नसतं. एका श्वासाएवढा असेल. पण त्या श्वासात तिला येत्या रविवारची यादी दिसली, वरचं नाव बदललेली.

मग ती ओरडत आत घुसली.

लुंबिनी भिंतीकडे तोंड करून फरशीवर बसली होती. मांडीवर पुस्तक, ओठ हलत होते. डाव्या खांद्यावर लाल रिबिनीची वेणी होती. उजव्या कानाखाली काहीच नव्हतं. केस एका रेषेत संपले होते. तुटलेली वेणी फरशीवर पडली होती, तिच्या टोकालाही रिबिन नीट बांधलेली, आणि शेजारी हिरव्या मुठीचा चाकू. बाकी खोलीत कुणी नव्हतं. मागच्या गॅलरीला गज होते आणि दाराला आतून कुलूप.

"काकू, झाली का दुसरी?" पोरीने न वळता विचारलं.

मंजुश्रीने चाकू उचलला. पोरीपासून लांब न्यायचा एवढंच तिच्या मनात होतं. तो हातात घेऊन ती बाहेर आली तेव्हा ज्योत्स्नाची किंकाळी ऐकून बाकीची दारं उघडली होती.

६

पोलीस यायला पाऊण तास लागला. तोवर बायकांनी मंजुश्रीला जिन्यातच बसवून ठेवलं होतं. कुणी तिच्या जवळ येत नव्हतं आणि कुणी तिला जाऊ देत नव्हतं. पोराला ताप आहे, मला बघू द्या, असं तिने दोनदा सांगितलं.

महिला हवालदाराने पट्टी लावून पातं मोजलं. साडेपाच इंच. "घरात चाकू ठेवायला कुणाची ना नाही, बाई. पण तुम्ही तो घेऊन जिन्यात आलात, चारचौघांत. मनाई आदेश चालू आहे. शिवाय पोरीचे केस. ती किती वाचली, कळतंय का?"

मग तिने ज्योत्स्नाला विचारलं. ज्योत्स्ना लुंबिनीला पदराखाली घेऊन बसली होती. कापल्या केसांवर तिचा हात होता. ती मंजुश्रीकडे बघत होती, रागाने नाही. "आल्या होत्या," ती म्हणाली. "रोज येतात. पण ह्या... ह्या न्हवत्या आत." हवालदाराने ते लिहून घेतलं नाही.

"चाकू कुणाचा?"

मंजुश्रीला सांगता आलं असतं. नवऱ्याला फोन लावा, चाकू उदगीरला खणात आहे. देवळात विचारा. टाच बघा. पण समोर ती पोर होती, एका वेणीची, अजूनही पुस्तकात बोट घालून ठेवलेली.

"माझा," ती म्हणाली. "माझाच आहे. तिला काही होऊ नये म्हणून आता सांगते. ह्या मायलेकींना मुखेडला जाऊ द्या. आजच जाऊ द्या."

हवालदाराने मान वर करून बघितलं आणि लिहिलं. "घरात कोण कोण असतं?"

"मी आणि मुलगा. तो आत झोपलाय. किल्ली माझ्याकडंच आहे."

तेवढ्यात कुलूपबंद दाराच्या आतून आदर्शचा तापाने जड झालेला आवाज आला. "मम्मी, पाणी."

मंजुश्री उठायला गेली. पण त्याआधीच आतून कुणीतरी उत्तर दिलं, तिच्या आवाजात, मायेने.

"आणते रे, राजा."

हवालदाराचं पेन थांबलं. मंजुश्रीने कमरेची किल्ली काढली आणि कुलपाशी पोहोचली. कुलूप निघालं. तिने दार ढकलायला हात टेकवला.

आतून कुणीतरी हळूच कडी लावली.